नऊ शनिवार

ग्योतोकु
शनिवार, १२ एप्रिल २०२५

नचिकेत,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा नोव्हेंबर संपत आला असेल. तुमच्या अंटार्क्टिका मोहिमेच्या गोव्याच्या ऑफिसला फोन करून विचारलं मी. पहिली बोट तुमच्याकडे तेव्हाच पोचते, तोवर कागदाचा कपटासुद्धा तळावर जात नाही म्हणाले. ईमेल मात्र मिनिटात जातो. म्हणूनच ईमेल करत नाहीये. मी आज लिहायचं आणि तू आठ महिन्यांनी वाचायचंस, एवढं अंतर असलं तरच मला लिहिता येईल असं वाटतंय.

सात वर्षांत आपण एकमेकांना वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे काही लिहिलेलं नाही. तुझं शेवटचं "थँक्स ताई" फेब्रुवारीतलं आहे, तू अंटार्क्टिकाला पोचल्यानंतरचं. हिवाळाभर तिथे राहणाऱ्या तेवीस जणांत तू आहेस हे मला सुनीतामावशीकडून कळलं.

तर पहिली गोष्ट. बाबा माझ्याकडे आहेत. तुला वाटत असेल, पुण्याच्या फ्लॅटवर एकटे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना जपानला आणलं. माझ्या व्हिसावर लहान मूल सांभाळायला आई किंवा वडील आणता येतात, मूल सात वर्षांचं होईपर्यंत. माझी आणि अनुपची सलोनी आता पाच वर्षांची आहे. ते तिला होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, सोडतात, आणतात. ते मराठीत विचारतात, ती जपानीत उत्तर देते, दोघांचं झकास चालतं.

दुसरी गोष्ट. ते तुला ऐकतात.

तुमच्या तळावरून दर शनिवारी अर्धा तास शॉर्टवेव्हवर कार्यक्रम होतो आणि तो तू करतोस, हे त्यांना मार्चमध्ये कुठल्याशा श्रोत्यांच्या पत्रकात सापडलं. आमच्या इथले संध्याकाळचे सहा. बिल्डिंगमध्ये काही ऐकू येत नाही. लिफ्ट, इंडक्शन शेगड्या, सगळ्यांची मिळून नुसती खरखर. म्हणून ते सायकलच्या बास्केटमध्ये रेडिओ टाकून एदोगावा नदीच्या बांधावर जातात. मासे धरायच्या लांब काठीला तार बांधून ती उभी करतात. चौतीस वर्षं आकाशवाणीच्या ट्रान्समीटरवर काढलेला माणूस, त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यावर रेडिओ घेऊन गवतात बसतो.

आज मीही गेले होते. सहाला दोन मिनिटं असताना बाबांनी मला बोट दाखवून गप्प केलं. आधी वारा वाहावा तसा नुसता आवाज होता. मग त्याच्या तळातून तू आलास. इंग्रजीत वारा किती, तापमान किती ते सांगितलंस, मग हिंदीत एक विनोद सांगितलास, अगदीच फालतू. पुलावरून तोझाई लाइनची गाडी गेली की तू पुसला जायचास आणि परत यायचास. बाबा वहीत आकडे लिहीत होते. आवाज किती, खरखर किती, चढउतार किती. संपल्यावर म्हणाले, "माइकच्या फार जवळ बसतो. लहानपणापासून सांगतोय."

तिसरी गोष्ट. कार्यक्रम कसा ऐकू आला याचा तुला दर आठवड्याला जपानहून एका श्रोत्याचा रिपोर्ट येतो ना, कुरिबायाशी नावाचा? कुरिबायाशी-सान खरे आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पूर्वी मालवाहू जहाजावर रेडिओ ऑपरेटर होते, बाबांच्या शेजारी बसून हाझे मासे पकडतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. बादलीवर बोटांनी मोर्स वाजवून बोलतात. पण रिपोर्ट त्यांचे नाहीत. नाव त्यांचं, लिहिणारे बाबा.

स्वतःच्या नावाने का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "माझं नाव बघितलं तर तो उत्तर देणार नाही. कुरिबायाशीला देतो."

तुला सांगणार नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. बोटीने जाणाऱ्या पत्राचं त्यात काही नव्हतं.

ताई


रविवार, ८ जून

नचिकेत,

गेल्या आठवड्यात तू कुरिबायाशी-सानना लांब ईमेल लिहिलास. मी तो वाचलाय. बाबांना वाचून दाखवावा लागला, कारण ते दोन ओळींनंतर थांबले आणि फोन माझ्याकडे दिला.

तू लिहिलंयस की तुमच्याकडे आता सूर्य उगवत नाही. दोन आठवडे झोप लागलेली नाही. जेवायच्या टेबलावर लोकांचं चघळणंसुद्धा सहन होत नाही, फक्त शनिवारचा अर्धा तास बरा जातो. मग लिहिलंयस की आपण एकमेकांना कधी भेटणार नाही, म्हणून सांगतो. २०१८ साली तू याच तळावर होतास आणि ऑगस्टमध्ये आपली आई गेली. तुला डिसेंबरात कळलं, मुंबईच्या विमानतळावर. मधले चार महिने घरून तुला आईच्या नावाने ईमेल येत राहिले. 'घशाचं ऑपरेशन झालंय, फोनवर बोलता येत नाही, पण मी बरी आहे, स्वेटर घाल.' तू त्या प्रत्येकाला उत्तर दिलंस. तिच्यासाठी केपटाऊनहून शाल घेतलीस. "माझ्या वडिलांनी हे केलं. मला त्रास होऊ नये म्हणून केलं म्हणाले. मेलेल्या बाईच्या नावाने त्यांनी माझ्याशी बोलत राहावं, हे मला अजून समजत नाही."

मी शेवटपर्यंत वाचलं. बाबा बाल्कनीत उभे होते, वाळत घातलेले कपडे नीट करत होते. सगळे नीटच होते.

"बाबा, आता तरी सांगून टाका त्याला कुरिबायाशी कोण ते."

"आत्ता? अंधारात बसलाय तो. आत्ता सांगायचं की तू ज्याला हे लिहिलंस तो मीच? नको. डिसेंबरात येईल, तेव्हा समोर बसून सांगेन."

"आणि त्या ईमेलांचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्याचं काय? ते झालं आता," म्हणाले. मग सलोनीला आणायची वेळ झाली म्हणून चपला घालून गेले. वेळ व्हायला अजून चाळीस मिनिटं होती.

त्यांनी तुला उत्तर लिहिलं ते तुझ्याकडे आहेच. झोप येत नसेल तर उठून सोल्डरिंग करत बस, हाताला काम दे, असं लिहिलं होतं. तू पुढच्या शनिवारी रेडिओवर म्हणालास, कुरिबायाशी-सानचा उपाय लागू पडला, चार तास झोपलो. बाबांनी त्या दिवशी बांधावरच्या सगळ्यांना कोन्बिनीतून, कोपऱ्यावरच्या दुकानातून, आइसक्रीम आणून दिलं. गळ टाकून बसलेल्या अनोळखी लोकांनासुद्धा.

ताई


रविवार, ६ जुलै

नचिकेत,

बाबा गेले.

गुरुवारी, तीन तारखेला, दुपारी सव्वातीनला. सकाळी कचऱ्याची पिशवी खाली ठेवून वर आले, बूट काढायला वाकले आणि तसेच बसले. मी घरून काम करत होते, मीटिंग चालू होती. त्यांनी हाक मारली, पण नुसतं "ए" म्हणाले, माझं नाव नाही. ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर हळू जपानीत सांगत होते, मला समजत होतं तरी मी दोनदा सांगायला लावलं. मनगटावरच्या पट्टीवर त्यांचं नाव कताकाना लिपीत लिहिलं होतं. श्री-हा-री. शेवटी एकदा डोळे उघडले. अनुप ऑफिसमधून पोचला नव्हता, मी एकटी होते. काही बोलले नाहीत. बोलले असं मी तुला पुढे कधी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

काल सकाळी दहन झालं. इथे नंतर सगळ्यांनी चॉपस्टिक्सनी अस्थी उचलून कलशात ठेवायच्या असतात. दोघांनी मिळून एक हाड धरायचं, अशी पद्धत आहे. सलोनी घाबरली म्हणून अनुप तिला बाहेर घेऊन गेला. माझ्यासमोर दुसरं कोणी नव्हतं. मग कुरिबायाशी-सान पुढे आले, काळा सूट घातला होता, आणि त्यांनी समोरून धरलं. ती तुझी जागा होती.

घरी आल्यावर सगळे एकच बोलत होते. अनुप म्हणाला, "सुमेधा, आत्ता कळवून काय करेल तो? नोव्हेंबरपर्यंत विमान नाही, बोट नाही. तूच म्हणत होतीस, त्याला झोप नाही." सुनीतामावशी फोनवर म्हणाली, "तिथं एकट्यानं डोकं फिरलं तर कोण आहे त्याला? आला की सांगू." 

संध्याकाळी सहाला मी रेडिओ घेऊन बांधावर गेले. काठी कुरिबायाशी-साननी उभी केली. तू आलास. तुझी दाढ दुखतेय आणि तळावरचा डॉक्टर हाडांचा आहे, म्हणून सगळे तुला घाबरवतायत, असं सांगितलंस. हसत होतास. मग म्हणालास, "कुरिबायाशी-सान, यंदा हाझे मोठे आहेत का?"

मी तिथेच ठरवलं की आत्ता नाही.

ताई


रविवार, १० ऑगस्ट

नचिकेत,

आज जे लिहिणार आहे ते अनुपला माहीत नाही.

जुलैतल्या दुसऱ्या सोमवारी मी गोव्याच्या ऑफिसला फोन केला. अरुणा मॅडम म्हणून आहेत, त्या फोनवर आल्या. बाबांचं सांगितल्यावर म्हणाल्या, "प्रत्येकजण जाण्याआधी एक फॉर्म भरतो. घरात कोणाचं काही झालं तर हिवाळ्यात कळवायचं की नाही. बरेच जण 'नको' लिहितात. तुमच्या भावाने 'कळवावं' लिहिलंय आणि खाली रेघ मारून 'लगेच' लिहिलंय. घरचं माणूस म्हणून फक्त तुमचं नाव दिलंय." त्या लगेच तळाच्या प्रमुखांशी बोलायला तयार होत्या. मी म्हटलं, मॅडम, मीच सांगते, मला दोन दिवस द्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुमचा हक्क आहे.

त्याला महिना होत आला. मी त्यांना खोटं सांगितलं की तुला कळवलंय.

आणि त्याहून वाईट म्हणजे मी रिपोर्ट पाठवतेय. पहिल्या शनिवारी नाही पाठवला तर तुझा सोमवारी ईमेल आला, "कुरिबायाशी-सान, तब्येत बरी ना?" मग मी बाबांची वही उघडली. आकडे कसे देतात ते शिकले, त्यांच्यासारखं तुटक इंग्रजी लिहिलं आणि बटण दाबलं. मग दर शनिवारी. ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज चालू असताना मी टेबलाखाली फोन धरून हाझे माशांबद्दल वाचत असते, तुला खरं वाटावं म्हणून.

गेल्या आठवड्यात तू लिहिलंस, "तुम्ही हल्ली फार सढळ हाताने मार्क देता. पूर्वी कंजूष होतात. माझा आवाज सुधारलाय की तुम्ही म्हातारे झालात?" तू गंमतच केली होतीस. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले. सलोनी बाहेरून दार वाजवत जपानीत विचारत होती, मामा (इथे आईला म्हणतात), पोट दुखतंय का?

अस्थी अजून माझ्या कपाटात आहेत, वरच्या कप्प्यात. तिथे पूर्वी हिवाळ्याची पांघरुणं होती.

ताई


रविवार, ३१ ऑगस्ट

नचिकेत,

काल बांधावर तुझा कार्यक्रम संपल्यावर कुरिबायाशी-साननी मला थांबवलं. त्यांना कधीतरी कळणारच होतं. बाबा असताना ते स्वतः दर रिपोर्टवर सही केल्यासारखे मान डोलावायचे. बाबा गेल्यावर त्यांना वाटलं होतं की रिपोर्ट थांबले. काल तू रेडिओवर त्यांचे आभार मानलेस आणि त्यांनी ते ऐकलं.

"सुमेधा-सान, मी काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

मी मान खाली घालून सगळं सांगितलं, माझ्या ऑफिसच्या जपानीत. त्यांनी गळ गुंडाळला, बादली बाजूला ठेवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "मी तीस वर्षांचा होतो. जहाज चिलीहून येत होतं. तार आली की आमच्यातल्या एका खलाशाची मुलगी गेली. चार वर्षांची. कॅप्टन म्हणाला, बंदराला लागल्यावर सांगू, समुद्रात सांगून काय उपयोग. तार माझ्या खिशात होती. बावीस दिवस. तो रोज माझ्यासमोर बसून जेवायचा, मुलीसाठी लाकडाचा पेंग्विन कोरत होता. कसा झालाय म्हणून मला दाखवायचा. मी म्हणायचो, छान झालाय."

"मग?"

"बंदरात कॅप्टनने सांगितलं. त्याने कॅप्टनला काहीच म्हटलं नाही. माझ्याकडे आला आणि विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? मी म्हणालो, बावीस दिवस. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. मुलीच्या जाण्याचं दुःख त्याने कसंतरी सोसलं असेल. पण ते बावीस दिवस माझ्याकडे होते, त्याच्याकडे नव्हते."

मग त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, माझं नाव मला परत द्या.

आज सकाळी मी तुला ईमेल केला. सात ओळींचा आहे. बाबा तीन जुलैला गेले, ते दोन वर्षं माझ्याकडे होते, मार्चपासून तुझा प्रत्येक शनिवार त्यांनी ऐकला, कुरिबायाशी म्हणून ते लिहीत होते आणि ते गेल्यावर मी. अरुणा मॅडमनाही फोन करून खरं सांगितलं. त्या फक्त म्हणाल्या, "मी आत्ताच तळप्रमुखांशी बोलते, कोणीतरी त्याच्याजवळ असू दे."

अनुप घरात माझ्याशी बोलत नाहीये. त्याच्या मते मी तुझा जीव धोक्यात घातला.

ताई


सोमवार, १५ सप्टेंबर

नचिकेत,

सहा तारखेला कार्यक्रम झाला नाही. मी आणि कुरिबायाशी-सान पावणेसात वाजेपर्यंत बसलो. तेरालाही झाला नाही. तळप्रमुख अवधूत सरांचा दोन ओळींचा ईमेल आला की तू ड्यूटी करतोयस, जेवतोयस, बोलत नाहीयेस.

आज इथे म्हाताऱ्यांच्या सन्मानाची सुट्टी आहे. सलोनीने होइकुएनमध्ये आजोबांसाठी केलेलं कार्ड घरी आणलं होतं, ते मी फ्रिजला लावत होते, तेव्हा तुझा फोन आला. त्या सॅटेलाइट फोनवर आपलं बोलणं चारच मिनिटं झालं. मधे बोललेलं पोचायला वेळ लागत होता, त्यामुळे आपण एकमेकांच्या बोलण्यात बोलत होतो. पण मला सगळं पाठ आहे.

तू विचारलंस, "कोणता वार होता?"

"गुरुवार."

"म्हणजे त्यानंतर मी नऊ शनिवार बोललो."

"हो."

"कोण ऐकत होतं?"

"मी."

"दाढेचं सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा मी होते. दुसराच दिवस होता... म्हणजे दहनाचाच दिवस होता, संध्याकाळ."

तू म्हणालास, "मी मजा करत होतो, ताई. तू मला मजा करू दिलीस."

मी म्हटलं, "मला भीती वाटली रे. तू लिहिलं होतंस झोप येत नाही..."

"ते मी तुला लिहिलं नव्हतं." आणि मग, "तेव्हा बाबांनी केलं. आता तू केलंस. तेव्हा काय झालं ते बघूनही."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. लाइनवर एक सेकंद, दोन सेकंद काही नव्हतं, तू वाट बघत होतास असं मला वाटतं. मी नुसतं म्हटलं, "जेवलास का?"

तू फोन ठेवलास.

ताई


रविवार, २१ सप्टेंबर

नचिकेत,

हे पत्र बोटीची वाट बघणार नाही. मी ते टाइप करून आजच पाठवणार आहे. आधीची सहा कागदावर आहेत, ती येतील तेव्हा येतील.

२०१८ चे ते ईमेल बाबांनी लिहिलेले नव्हते. मी लिहिले होते.

आई गेली त्या संध्याकाळी बाबा फोनजवळ जाऊन बसले होते. "गोव्याला फोन करतो, नचिला कळलं पाहिजे," म्हणाले. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. मी म्हटलं, तो तिथं अडकलाय, त्याला वेड लागेल, आई गेली ती गेली, आता त्यालाही घालवायचं का? ते म्हणाले, "सुमे, हे बरोबर नाही. त्याची आई आहे." मी रडले, ओरडले. शेवटी ते गप्प बसले. बायकोला नुकतं पोचवून आलेला माणूस, त्याच्यात माझ्याशी भांडायची ताकद नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

मग तुझा ईमेल आला, "आई, फोन का उचलत नाहीस?" आईचा पासवर्ड माझ्याकडेच होता. घशाचं ऑपरेशन मी रचलं. स्वेटर घाल, हे मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं, एकदाच. आठवड्याभराने तुझं उत्तर आलं, तेव्हा परत. नंतर मला ते आवडायला लागलं होतं, नचिकेत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू आईला जे लिहीत होतास ते मला कधीच लिहिलं नसतंस. आणि मी आई म्हणून उत्तर लिहीत बसले की तेवढा वेळ ती घरात असायची. बाबांनी दोनदा सांगितलं, थांबव. मी थांबवलं नाही.

विमानतळावर तू शाल हातात घेऊन उभा होतास आणि विचारलंस, "ते कोण लिहीत होतं?" मी बाबांच्या मागे उभी होते.  बाबा म्हणाले, "मी." मागे वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. तू शाल तिथल्या ट्रॉलीवर ठेवून निघून गेलास.

टॅक्सीत मी म्हटलं, बाबा, मी सांगते त्याला. ते म्हणाले, "माझ्यावर रागावला तर येईल परत, बापावर किती दिवस रागवेल? तुझ्याशी तुटला तर मी गेल्यावर त्याचं म्हणून कोण राहील?" मी ऐकलं, कारण मला ते सोयीचं होतं. एक वर्ष गेलं, मग सात गेली. दर वर्षी वाटायचं, आता सांगितलं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल. त्यांना मी जपानला आणलं ते सलोनीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं, तुलाही एप्रिलमध्ये तसंच लिहिलं. ते खरं नव्हतं. पुण्यात ते तुझ्या फोनची वाट बघत एकटे बसतात, हे मला सहन होत नव्हतं. आणि इथे आणल्यावरसुद्धा रोज सकाळी त्यांच्या हातात चहा देताना मला वाटायचं की आज ते म्हणतील, सुमे, आता पुरे, सांग त्याला. ते कधीच म्हणाले नाहीत. जूनमध्ये तुझा तो ईमेल मी त्यांना वाचून दाखवला, "माझ्या वडिलांनी हे केलं" हे वाक्य माझ्या आवाजात त्यांना ऐकावं लागलं, तेव्हाही नाही.

तू सात वर्षं चुकीच्या माणसाशी अबोला धरलास. आणि मी ते होऊ दिलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

सुमेधा


रविवार, ९ नोव्हेंबर

नचिकेत,

हे गोव्याला जाणाऱ्या पाकिटातलं शेवटचं. आधीची सहा पत्रं, बाबांच्या दोन वह्या आणि कुरिबायाशी-साननी तुला स्वतः लिहिलेलं एक पत्र, जपानीत, त्याखाली मी मराठी करून लिहिलंय. त्यांनी काय लिहिलंय त्यात मी एक शब्दही बदललेला नाही. तुला खात्री करायची असेल तर दुसऱ्या कोणाकडून वाचून घे.

तुझा ईमेल काल आला, सात आठवड्यांनी. मधल्या काळात मी रोज वाईट बातमीची वाट बघत होते. अरुणा मॅडमना इतक्या वेळा फोन केला की शेवटी त्याच दर सोमवारी मेसेज करायला लागल्या, "ठीक आहे." एकदा लिहिलं होतं, "आज टेबल टेनिस खेळला." मी ते अनुपला दाखवलं. आम्ही आता बोलतो. सगळं नाही.

शनिवारचा कार्यक्रम दुसरा कोणी करतो हल्ली. नवीन मुलगा आहे, अनिश की काय, घाईघाईत बोलतो. तू ऐकू येशील म्हणून आम्ही अजून जातो असं नाही. कुरिबायाशी-सानना सवय झालीय आणि मला घरी बसवत नाही.

तू लिहिलंयस: "पहिल्या बोटीने निघतोय. जानेवारीच्या सुरुवातीला पुण्यात. जपानला येणार नाही. अस्थी घेऊन तू ये. मी तुझ्याशी बोलेन असं धरून चालू नकोस. मला बोलता येईल असं वाटत नाही. बाबांशी मी सात वर्षं बोललो नाही, ते आता भरून काढता येत नाही, आणि त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. पण अस्थींचं जे करायचं ते एकट्याने करणार नाही. ये."

मी दहादा वाचलं. शेवटचं "ये" वेगळ्या ओळीवर आहे, ते मुद्दाम आहे की फोनने तसं केलं, कळत नाही.

तिकिटं काढली आहेत. पाच जानेवारीला सकाळी पोचते. सलोनीला आणतेय. तिला मामा हा शब्द मराठीत नव्याने शिकवावा लागला, कारण इथे ती मलाच मामा म्हणते. ती विचारत होती, तो माणूस कसा आहे? मी म्हटलं, तो रेडिओवर बोलायचा. मग ती म्हणाली, माझ्याशी बोलेल का?

तिला काय सांगू ते लिहून कळव. नाही कळवलंस तरी आम्ही येतोय. तू दाराशी आला नाहीस तर बाबांना तुझ्या दाराशी ठेवून मी जिन्यात बसेन, तुला दार उघडावंसं वाटेपर्यंत.

सुमेधा